शनिवार-रविवारच्या मसल कारचा एक्झॉस्ट: आवाज निवडण्याआधी फेरे मोजा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो, इंजिन ३५० घनइंची व्ही-८, चार बॅरलचा कार्बोरेटर, तीन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.०८. गाडी फक्त शनिवार-रविवारी बाहेर निघते आणि बहुतेक वेळा कुटुंब बरोबर असते. जुना एक्झॉस्ट गंजला आहे, त्या जागी बाजारात मिळणारी तयार यंत्रणा बसवायची आहे. आवाज भारदस्त हवा, शक्ती थोडी वाढली तर उत्तमच, पण दोन तासांच्या प्रवासानंतर डोके उठता कामा नये. अशा गाडीला कोणता सायलेन्सर घ्यावा, हे आपण विचारले आहे.

मसल कारच्या, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या जोरदार अमेरिकन गाड्यांच्या, एक्झॉस्टचे काम मी वीसहून अधिक वर्षे करतो आहे. माझे उत्तर सायलेन्सरच्या नावापासून सुरू होत नाही. ज्या वेगाने आपण सर्वाधिक वेळ गाडी चालवणार आहात, त्या वेगाला इंजिन मिनिटाला किती फेरे घेते, हा आकडा प्रथम काढावा. नळीचा व्यास, दोन नळ्यांमधील जोड, सायलेन्सरचा प्रकार या सर्व गोष्टी त्या आकड्याच्या मागून येतात. बहुतेक लोक आयडलिंगचा आवाज ऐकून खरेदी करतात. पण आयडलिंगवर गाडी दिवसातून दहा मिनिटे उभी असते आणि रस्त्यावर तासन्‌तास धावते.

मात्र त्याआधी, जुनी यंत्रणा काढून टाकण्यापूर्वी, एकदा गाडीखाली शिरून पाहावे. या इंजिनाच्या उजव्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांचा धूर एका नळीत गोळा करणाऱ्या ओतीव भागाच्या, तोंडाशी एक झडप असते, तिला हीट रायझर म्हणतात. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि गरम वायू इनटेक मॅनिफोल्डखालून (हवा-इंधन आत नेणाऱ्या भागाखालून) वळवते, म्हणजे कार्बोरेटर लवकर तापतो. पन्नास वर्षांत ही झडप गंजून बंद अवस्थेतच अडकलेली मी अनेकदा पाहिली आहे. अशा गाडीची एक बाजू अक्षरशः गुदमरत असते आणि मालकाला वाटते की सायलेन्सर तुंबला आहे. तशीच दुसरी गोष्ट दुहेरी भिंतीच्या जुन्या नळ्यांची. बाहेरून नळी धडधाकट दिसते, पण आतली भिंत कोसळून वाट अडवून बसलेली असते. या दोन दोषांमुळे गेलेली शक्ती नवीन एक्झॉस्ट बसवल्यावर परत येते आणि त्याचे श्रेय नव्या सायलेन्सरला मिळते. दोष नेमका कोठे होता हे माहीत असले, तर पुढची निवड डोळसपणे होते.

आता आवाजाकडे वळू. अमेरिकन व्ही-८ चा जो खर्जातला, थोडा अडखळल्यासारखा सूर आपल्याला आवडतो, तो सायलेन्सरमध्ये तयार होत नाही, क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यात, तयार होतो. या इंजिनांचा क्रँकशाफ्ट क्रॉस-प्लेन असतो, म्हणजे त्याच्या क्रँकपिना (पिस्टनचे दांडे ज्यांना जोडलेले असतात त्या खुंट्या) एकमेकींशी नव्वद अंशांच्या कोनात असतात. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकचा (आपले ३५० याच घराण्यातले) ज्वलनक्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे, आणि विषम आकड्यांचे सिलिंडर डाव्या बाजूला, सम आकड्यांचे उजव्या बाजूला असतात. संपूर्ण इंजिन दर ९० अंशांना एकदा पेटते, म्हणून ते एकसंध चालते. पण केवळ डाव्या बाजूचा हिशोब केला, तर तिथल्या स्फोटांमधील अंतरे २७०, १८०, ९० आणि १८० अंश अशी विषम पडतात. पाच आणि सात हे दोन शेजारी सिलिंडर लागोपाठ फुटतात आणि मग थोडी शांतता येते. उजव्या बाजूलाही आठ आणि चार असेच लागोपाठ येतात. ही विषम लय दोन स्वतंत्र नळ्यांमधून बाहेर पडते तेव्हा तो परिचित गुरगुराट ऐकू येतो. २०१६ ची शेल्बी जीटी३५० मस्टँग हीदेखील व्ही-८ च आहे, पण तिचा क्रँकशाफ्ट फ्लॅट-प्लेन (क्रँकपिना १८० अंशांवर) असल्यामुळे तिचा आवाज अगदी वेगळा, चढ्या पट्टीतला येतो. आपल्या इंजिनात जो सूर आहे, त्याचा काही भाग सायलेन्सर झाकतो आणि काही भाग मोकळा सोडतो. इंजिनात नसलेला सूर तो निर्माण करू शकत नाही. म्हणून दुसऱ्या इंजिनावर ऐकलेला आवाज तोच सायलेन्सर लावल्याने आपल्या गाडीत येईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

आता तो आकडा. वेग ताशी मैलांत घ्यावा, त्याला डिफरन्शियलच्या गुणोत्तराने, वरच्या गिअरच्या गुणोत्तराने आणि ३३६ ने गुणावे आणि टायरच्या इंचांतील व्यासाने भागावे. आपल्या गाडीचा वरचा गिअर एकास एक आहे. टायर २६ इंचांचा धरला आणि वेग ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर धरला, तर उत्तर सुमारे २३९० फेरे येते. जुन्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग, थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्षात २४०० ते २५०० समजावे. आपली गाडी रस्त्यावरचा बहुतेक वेळ या पट्ट्यात घालवणार आहे.

चार स्ट्रोकच्या व्ही-८ मध्ये क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात चार स्फोट होतात. २४०० फेऱ्यांना ती वारंवारता १६० हर्ट्झ होते. एका बाजूच्या चार सिलिंडरांपुरता विचार केला तर ती निम्मी, ८० हर्ट्झ. आता गाडीच्या आतली जागा पाहा. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत दोन ते सव्वादोन मीटर लांबीची ही बंद पोकळी आहे. अशा पोकळीचा स्वतःचा पहिला नाद साधारण ७५ ते ८५ हर्ट्झच्या दरम्यान असतो. म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवल्या, तर प्रवासाच्या नेमक्या वेगाला प्रत्येक नळी ८० हर्ट्झच्या आसपासचा सूर लावते आणि गाडीची पोकळी तो सूर उचलून धरते. जुळलेल्या तंबोऱ्याजवळ त्याच पट्टीत गायले की न छेडताच त्याची तार बोलू लागते, तसाच हा प्रकार आहे. यालाच मी घुमारा म्हणतो. मोजमापाच्या यंत्रावर हा आवाज फार मोठा दिसेलच असे नाही, पण अर्ध्या तासात कानावर आणि कपाळावर दाब आल्यासारखे वाटू लागते, बोलणे ऐकू येत नाही, मागे बसलेली मुले चिडचिडी होतात. आवाज मोठा असणे आणि घुमारा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठा आवाज माणसाला सवयीचा होतो, घुमाऱ्याची सवय होत नाही.

येथे एक प्रश्न मी आपल्याला उलट विचारीन. पुढेमागे ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स बसवण्याचा विचार आहे काय? तसा असेल तर ते काम आधी करावे. वरचा गिअर ०.७० झाला की त्याच ६० मैलांना फेरे १६७० च्या आसपास उतरतात, स्फोटांची वारंवारता १११ हर्ट्झवर आणि एका बाजूची ५६ हर्ट्झवर येते. आज ज्या वेगाला घुमारा नाही, त्या वेगाला तो येऊ शकतो आणि आज आहे तो नाहीसाही होऊ शकतो. याच कारणाने नव्या मसल कारमध्ये, जिथे वरचे गिअर फार लांब असतात (म्हणजे त्याच वेगाला फेरे कमी पडतात), घुमाऱ्याच्या तक्रारी जास्त ऐकू येतात. त्यात ५.७ लिटर हेमी इंजिनाच्या स्वयंचलित गिअरच्या चॅलेंजरसारखी गाडी प्रवासात चार सिलिंडर बंद करत असेल, तर वारंवारता निम्म्याने खाली जाते आणि त्या चार सिलिंडरांसाठी सायलेन्सर नव्याने विचारात घ्यावा लागतो. अशा गाडीचा एक्झॉस्ट निवडताना त्याचा आवाज चार सिलिंडर बंद असतानाही ऐकावा, अन्यथा निवड अर्धीच झालेली असते.

घुमारा कमी करण्याचा पहिला आणि स्वस्त उपाय म्हणजे दोन्ही नळ्यांमधील जोड. आडवी नळी टाकून केलेल्या जोडाला एच-पाइप म्हणतात, आणि दोन्ही नळ्या एकमेकींत मिसळून पुन्हा वेगळ्या होतात त्याला एक्स-पाइप. एच-पाइपमध्ये दोन्ही बाजूंचा दाब समान होतो, पण प्रत्येक बाजूची मूळ लय बरीचशी शाबूत राहते, म्हणून गुरगुराट टिकतो आणि खर्जही राहतो. एक्स-पाइपमध्ये दोन्ही बाजूंचे स्फोट एकमेकांत मिसळतात, अंतरे समान होऊ लागतात आणि आवाज वरच्या पट्टीत, गुळगुळीत होतो. वरच्या फेऱ्यांना एक्स-पाइप थोडी अधिक शक्ती देतो हे खरे आहे, पण आपल्यासारख्या सौम्य इंजिनावर तो फरक सीटवर बसून जाणवणारा नाही. १९६९ च्या गाडीत मी एच-पाइप घेईन. तो शक्य तितका इंजिनाजवळ, सर्वांत गरम जागी असावा. जुने कारागीर ती जागा शोधण्यासाठी नळीवर साधा रंग फासून इंजिन चालवत. रंग जिथे जळणे थांबतो, तिथे जोड देत. ही युक्ती आजही उपयोगी पडते. मात्र गिअरबॉक्सचा आधार आणि त्याचे तेलपात्र जिथे मोकळी जागा ठेवतात, तिथेच हा जोड बसू शकतो, हेही तितकेच खरे.

नळीच्या व्यासाबद्दल जितके गैरसमज आहेत तितके क्वचितच दुसऱ्या कशाबद्दल असतील. एक गट म्हणतो इंजिनाला मागचा दाब लागतोच, दुसरा म्हणतो नळी जितकी जाड तितकी चांगली. इंजिनाला मागचा दाब कधीही लागत नाही. त्याला वायूचा वेग लागतो, कारण वेगाने निघून जाणारा वायू आपल्यामागे किंचित पोकळी सोडतो आणि पुढच्या सिलिंडरमधील उरलेला धूर ओढून घेतो. नळी अकारण जाड केली की तो वेग मंदावतो, आणि शिवाय जाड नळीतून खर्जाचा घुमारा अधिक सुटतो. दाब काढल्यावर इंजिन खालच्या फेऱ्यांना मंद झाले, असा अनुभव काहींना येतो. त्याचे खरे कारण बहुधा कार्बोरेटरचे मिश्रण असते. वाट मोकळी झाल्यावर हवा जास्त आत येते, जेट (कार्बोरेटरमधली इंधनाची मापाची छिद्रे) मात्र जुनेच राहतात आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते.

व्यासाचा एक ढोबळ हिशोब अमेरिकेतील इंजिन बांधणारे वापरतात आणि तो मला नेहमी उपयोगी पडला आहे. प्रत्येक अश्वशक्तीसाठी मिनिटाला सुमारे २.२ घनफूट प्रवाहाची क्षमता लागते आणि सरळ नळी आपल्या छेदाच्या प्रत्येक चौरस इंचातून सुमारे ११५ घनफूट जाऊ देते. भिंतीची जाडी वजा करून हिशोब केला, तर सव्वादोन इंचांच्या दोन नळ्या सुमारे ३७० अश्वशक्तीपर्यंत पुरतात, अडीच इंचांच्या दोन सुमारे ४६० पर्यंत, आणि तीन इंचांच्या दोन ६७५ पर्यंत. आपले इंजिन मुळात ३०० अश्वशक्तीचे सांगितले जाते. त्या ३०० विषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ढोबळ अश्वशक्ती जाहिरातीत छापत असत. ती इंजिन गाडीबाहेर काढून, गाडीचा प्रत्यक्ष एक्झॉस्ट आणि पट्ट्यावरची उपकरणे न लावता मोजलेली असे. १९७२ पासून निव्वळ शक्ती छापली जाऊ लागली आणि कॅमॅरोतील चार बॅरलच्या ३५० इंजिनाचा आकडा २७० वरून २०० वर आला. त्यातला बहुतांश फरक मोजणीचा होता. म्हणजे आपल्या ३०० पैकी बराच भाग तेव्हाच्या चिंचोळ्या एक्झॉस्टमध्ये आधीपासूनच अडकलेला होता. चांगली यंत्रणा बसवून आपण त्यातला काही भाग परत मिळवतो.

म्हणून आपल्याला तीन इंचांची नळी मुळीच नको. सायलेन्सरपर्यंत अडीच इंच घ्यावी, म्हणजे पुढे शक्तीसाठी कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) बदलला तरी वाव राहील, आणि ॲक्सलवरून जाणारी शेपटाची नळी सव्वादोन इंचांची ठेवावी. मागे पोहोचेपर्यंत वायू थंड होऊन आक्रसलेला असतो. ६५० अंश सेल्सियसचा वायू ३५० अंशांवर आला की त्याचे आकारमान सुमारे दोन तृतीयांश होते. त्यामुळे मागची नळी बारीक केल्याने काही बिघडत नाही आणि ॲक्सलवर ती सहज बसते. बेंड मात्र मॅंड्रेलवर, म्हणजे नळीच्या आत आधार घालून, काढलेले असावेत. साध्या यंत्रावर दाबून वाकवलेली नळी वळणावर चपटी होते आणि अडीच इंचांचे पैसे देऊन वळणापुरते आपल्याला दोन इंचच मिळतात.

आता सायलेन्सर. मुख्य प्रकार तीन. पहिला कप्प्यांचा. यात आत भिंती असतात आणि आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून काही पट्ट्या मरतात. फ्लोमास्टरचे नाव या प्रकाराशी जोडले गेले आहे. जुन्या मसल कारचा जो खडखडीत, धारदार आवाज लोकांच्या मनात आहे, तो बहुतेक यातूनच येतो. पण दोन कप्प्यांचे छोटे सायलेन्सर ठरावीक फेऱ्यांना फार घुमतात. दुसरा प्रकार सरळ नळीचा, ज्यात छिद्रे पाडलेल्या नळीभोवती काचतंतू किंवा स्टीलची लोकर भरलेली असते. यात अडथळा सर्वांत कमी असतो. वरच्या पट्टीचे आवाज भरण शोषून घेते, पण खर्जाला ते फारसे अडवू शकत नाही, म्हणून लांब आणि मोठ्या आकाराचाच सरळ सायलेन्सर घ्यावा. काचतंतू काही वर्षांत जळून उडून जातात आणि आवाज दरवर्षी वाढत राहतो, हेही लक्षात ठेवावे. तिसरा प्रकार टर्बो सायलेन्सरचा. नाव शेव्हरोलेच्या टर्बोचार्ज केलेल्या कॉर्व्हेअरवरून पडले आहे. टर्बोचार्जरशिवायही तो तितकाच उपयोगी आहे. आत वायू इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो, लांब वाट चालतो आणि शांत होतो.

कुटुंबासह प्रवास करणाऱ्या, २४०० ते २५०० फेऱ्यांवर धावणाऱ्या गाडीसाठी माझी निवड मोठ्या आकाराच्या टर्बो सायलेन्सरची, किंवा तीन कप्प्यांच्या, आतून शांत केलेल्या कप्प्यांच्या सायलेन्सरची असेल. अनेकांना टर्बो सायलेन्सर म्हटले की तो मिळमिळीत असेल असे वाटते. पण बारीक नळीच्या आणि अडीच इंच नळीच्या टर्बो सायलेन्सरांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि एच-पाइपच्या मागे लावलेला चांगला टर्बो सायलेन्सर ॲक्सिलरेटर दाबल्यावर पुरेसा गरजतो. पाय उचलला की तो गप्प बसतो. लांबच्या प्रवासाच्या गाडीत मला हेच हवे असते.

जागेचीही एक अडचण आहे. या पिढीच्या कॅमॅरोत मूळ सायलेन्सर आडवा, मागच्या ॲक्सल आणि इंधनटाकीच्या मध्ये बसवलेला असे. तयार यंत्रणांत काही जण तीच जागा ठेवतात, तर काही जण सीटखाली, ॲक्सलच्या पुढे दोन सायलेन्सर देतात. आडवा सायलेन्सर लांब आणि मोठा असल्यामुळे घुमारा कमी होतो आणि गाडीचे पोट उंच राहते. पुढचे दोन सायलेन्सर आवाजाला थोडे मोकळे असतात आणि बदलायला सोपे पडतात, पण माणसांच्या अगदी खाली येतात. आपल्या गरजेला मी मूळ जागेकडे झुकेन.

सर्व करूनही घुमारा उरलाच, तर शेपटाच्या नळीला एक बंद तोंडाची आडफांदी जोडता येते. तिची लांबी नको असलेल्या सुराच्या लाटेच्या पाव हिस्सा ठेवली की फांदीच्या टोकावरून परत आलेली लाट मूळ लाटेला मारते. गरम वायूत, ३०० अंशांना, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर असतो, त्या हिशोबाने १६० हर्ट्झसाठी ७५ सेंटिमीटर लांबी येते. पण बंद फांदीतून वायू वाहत नसल्यामुळे ती थंड राहते. १५० अंशांना हाच वेग ४१२ मीटर होतो आणि लांबी ६४ सेंटिमीटरवर येते. म्हणून फांदी प्रथम लांब ठेवून, सरकत्या टोपणाने जागेवर जुळवावी आणि मगच वेल्ड करावी. ८० हर्ट्झसाठी मात्र सव्वा मीटरहून लांब फांदी लागते आणि ती या गाडीखाली सहसा बसत नाही. तो सूर मारायचे काम एच-पाइपवरच सोडावे.

हेडरबद्दल आपण विचारलेले नाही, पण प्रश्न येणारच. कास्ट आयर्नच्या मूळ मॅनिफोल्डच्या जागी प्रत्येक सिलिंडरची स्वतंत्र नळी असलेले हेडर बसवले, तर जुन्या गाडीत शक्तीचा सर्वांत मोठा हिस्सा तिथून येतो, सायलेन्सरकडून नव्हे. आपल्या इंजिनाला १ ५/८ इंचांच्या नळ्या पुरेत. पण हेडरबरोबर येणाऱ्या गोष्टीही घरी आणाव्या लागतात: लांब नळ्या जमिनीला घासतात, गॅस्केट गळतात, प्लगच्या तारा भाजतात, स्टार्टर तापतो, आणि हीट रायझर गेल्यामुळे सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो. गरम हवेवर चालणारा चोक (थंड इंजिनाला जास्त इंधन देणारी झडप) असेल तर तो विजेवरचा करून घ्यावा लागतो. शिवाय पातळ नळीच्या भिंतीतून इंजिनाची टिकटिक आत ऐकू येते. आठवड्याला एकदा, आरामात चालवल्या जाणाऱ्या गाडीत मूळ मॅनिफोल्ड तडकलेले नसतील तर ते ठेवावेत, असे माझे मत आहे. तरीही हेडर घ्यायचेच असतील तर सिरॅमिकचा लेप दिलेले घ्यावेत. त्यांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळू नये, कारण उभ्या गाडीत ती ओलावा धरून ठेवते आणि नळी खालून कुजते.

ओलावा हाच आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाडीचा खरा शत्रू आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. गाडी पुरेशी तापली तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. पण गॅरेजमधून काढून धुतली, दहा मिनिटे चालवली आणि परत उभी केली, तर ते सारे सायलेन्सरच्या पोटात साचून बसते आणि पुढचे सहा दिवस आतून खात राहते. रोज धावणाऱ्या गाडीचा एक्झॉस्ट बाहेरून गंजतो, कधीतरी धावणाऱ्या गाडीचा आतून. त्यामुळे गाडी कमी चालते म्हणून स्वस्त नळी पुरेल, हा विचार नेमका उलटा आहे. ॲल्युमिनियमचा थर दिलेले स्टील कोरड्या हवेत ठीक असते, पण वेल्डच्या जागी थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. ४०९ जातीच्या स्टेनलेसमध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असते. ते वरून तपकिरी होते पण टिकते. ३०४ जातीत १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, ते वर्षानुवर्षे चमकते. परवडत असेल तर सायलेन्सर तरी ३०४ चा घ्यावा आणि त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला पाणी गळण्याचे छोटे छिद्र आहे का ते पाहावे. ३०४ तापल्यावर अधिक वाढते: तीन मीटरची नळी २५० अंशांनी तापली की सुमारे १३ मिलिमीटर लांब होते. हँगर रबराचे असले आणि नळीला सरकायला जागा ठेवली की तिला त्रास होत नाही.

शेपटाची नळी कोठे संपवावी, याबाबत मी कोणतीही तडजोड मान्य करीत नाही. काही यंत्रणांत नळ्या ॲक्सलच्या आधीच, गाडीच्या पोटाखाली खाली वळवून सोडतात. आवाज रांगडा येतो, पैसे वाचतात आणि बसवणेही सोपे जाते. अनेक वर्षांपूर्वी माझ्याच गाडीला मी तसे केले होते. एका संध्याकाळी, मुले मागे झोपलेली असताना, पाऊण तासाच्या संथ रांगेत मला मळमळू लागले आणि डोके जड झाले. मुलांना उठवले तर ती गळून गेलेली होती. खिडक्या उघडून बाहेर उभे राहिल्यावर बरे वाटले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि पन्नास वर्षे जुन्या गाडीच्या तळपत्र्यात, बूटच्या रबरात, हीटरच्या झडपांत त्याला आत यायला वाटा पुष्कळ असतात. गाडी चालत असताना तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची खिडकी उघडी असेल तर तो धूर ओढून आत घेतो. म्हणून नळी बंपरच्या पलीकडे, बाजूला वळवून संपवावी, प्रत्येक जोड गळतीसाठी तपासावा, बूटचे रबर नवे घालावे, आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारा छोटा यंत्रसंच गाडीत ठेवावा. याच कारणासाठी हेडरच्या तोंडाशी बसणारे, बटणाने उघडून धूर सायलेन्सरआधीच बाहेर सोडणारे कटआउटही कुटुंबाच्या गाडीत मी बसवून देत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा डबा) आला, त्यामुळे आपल्या गाडीत तो मुळातच नाही. पण ज्या गाडीत तो आहे तिथून तो काढणे तेथे बेकायदा आहे, आणि नव्या गाडीत बदल करायचा असेल तर तो कन्व्हर्टरच्या मागच्या भागापुरता ठेवावा. आवाजाची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, कॅलिफोर्नियात हलक्या गाड्यांसाठी ती ९५ डेसिबल आहे, म्हणून आपल्या नोंदणीच्या ठिकाणची मर्यादा आधी वाचावी.

बसवताना एक चूक फार जण करतात. गाडी सांगाड्याला टेकू देऊन उचलली की मागचा ॲक्सल खाली लोंबतो आणि शेपटाच्या नळीला भरपूर जागा दिसते. चाके जमिनीवर आली की तोच ॲक्सल वर येतो आणि पहिल्या खड्ड्यात नळीवर आदळतो. गाडी चाकांवर उभी राहील अशा लिफ्टवर, इंधन भरलेले असताना काम करावे. ब्रेकची नळी, इंधनाची नळी आणि हाताच्या ब्रेकची तार यांच्यापासून किमान वीस मिलिमीटर अंतर राहू द्यावे. रबरी आधारांवर इंजिन वळणाच्या जोराने हलते, तेवढी जागा वेगळी धरावी. सर्व भाग आधी पट्टीच्या क्लँपने सैल जोडावेत, पुढून मागे जुळवत न्यावेत आणि मग घट्ट करावेत. यू-बोल्टचे क्लँप नळीला कायमची खाच पाडतात, पुन्हा काढायची वेळ आली की तोडावी लागते, म्हणून ते वापरू नयेत. नळ्या बाहेर आहेत तोवरच ऑक्सिजन सेन्सरसाठी १८ मिलिमीटरचा आटा असलेली एक बंग, म्हणजे सेन्सर बसवायची कडी, वेल्ड करून घ्यावी. पुढे धुरातील ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारे वाइडबँड मीटर जोडून कार्बोरेटरचे मिश्रण पाहता येते. पूर्ण उघड्या थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर) मिश्रण, म्हणजे वजनाने एका भाग इंधनाला हवेचे भाग, १२.५ ते १३ आणि प्रवासात १४ ते १५ च्या दरम्यान दिसावे. पातळ आढळले तर जेट एक-दोन नंबरांनी वाढवावेत.

पहिल्या दिवशी गाडी अर्धा तास सलग चालवावी, म्हणजे नळ्यांतील तेल आणि पाणी जळून जाईल, थोडा धूर आणि वास येईल. ती पूर्ण थंड झाल्यावर सर्व क्लँप आणि मॅनिफोल्डचे बोल्ट पुन्हा ताणावेत. त्यानंतर ताशी ५० पासून ७० मैलांपर्यंत, खिडक्या बंद करून, एका माणसाला मागच्या सीटवर बसवून गाडी चालवावी आणि कोणत्या फेऱ्यांना घुमारा येतो ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. चालकाला तो मागच्या माणसाइतका कधीच ऐकू येत नाही. तो आकडा मला कळवला, तर आडफांदी लागेल का आणि किती लांब, हे मी सांगू शकेन.